आमच्या बिल्डिंगचा आयोग

घाटकोपरच्या त्या बिल्डिंगमध्ये त्यांना कोणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. तोंडावर काका, आणि पाठ वळली की आयोग. 'आयोग दूध आणायला गेलाय', 'आयोगाच्या चपला जिन्यात पडल्यात, बाजूला कर जरा', असं सर्रास चालायचं. निवडणूक हा शब्द त्यांच्यासमोर चुकून तोंडातून गेला तर हातातली पालेभाजी सुकेपर्यंत सुटका नसे. त्यामुळे बाजारातून येणारे लोक त्यांना लांबून पाहून गल्ली बदलत. मला गल्ली बदलायची सोय नव्हती, कारण मी त्यांच्याच घरात राहत होतो.

मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सोडली आणि पुढे हिंडत हिंडत भांडुपच्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायच्या कामाला लागलो. तेव्हा मला कोणी नुसतं 'अरे' म्हटलं तरी मी हातातलं काम खाली ठेवून उभा राहायचो. 'काही चुकलं का?' हे माझं रोजचं वाक्य होतं. झोपायचो कारखान्यातच, पुठ्ठ्यांवर. काका तिथे उरलेली तांब्याची तार मागायला यायचे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, घरी मात्र फोन नाही. अर्ज करून तेही चारचौघांसारखे रांगेत थांबले होते. एकदा तार गुंडाळून देताना त्यांनी मला विचारलं, कधी मत दिलंयस का? मी म्हटलं, नाही, काही चुकलं का?

"चुकलं नाही, वाया गेलं," ते म्हणाले आणि तारेचं भेंडोळं पिशवीत टाकून निघून गेले. पुढच्या आठवड्यात मालकाने कारखान्यात झोपायला बंदी केली. तेव्हा या एवढ्या ओळखीवर मी त्यांचं दार वाजवलं आणि त्यांनी गॅलरीला लागून असलेली चिंचोळी खोली मला भाड्याने दिली. मुंबईत माणूस माणसाला जागा देतो तेव्हा काहीतरी कारण असतंच. काकांचं कारण मला चारेक दिवसांत कळलं. त्यांच्या घरात मतदार कमी पडत होते.

घरात काका, काकू आणि दोन मुली. रविवारच्या भाजीवर मतदान व्हायचं. उमेदवार शनिवारीच जाहीर होत. काकूंचं म्हणणं असं की स्वयंपाक एकटीने करायचा आणि मतदान पाच जणांनी, हा कुठला न्याय. पण काका ऐकत नसत. मी आलो त्या पहिल्याच रविवारी वांगं निवडून आलं. काकू आणि थोरली वांग्याच्या, आम्ही बाकीचे तिघे तीन वेगवेगळ्या भाज्यांचे. काका ताटावर बसले आणि वांग्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, बघ, तिघांना हे नकोय, तरी हे गादीवर बसलंय. कारण आपण तिघं फुटलो. आपल्या देशात हेच चाललंय.

"देशात काय चाललंय ते राहू द्या, रस्सा गार होतोय," काकू म्हणाल्या.

मग काकांनी दुसरी पसंती आणली. पहिली भाजी पडली तर मत दुसऱ्या भाजीला. त्या पद्धतीने दुधी निवडून आला. दुधी कोणाचीच पहिली आवड नव्हती, पण कोणाचा त्याला विरोधही नव्हता. दुधी पानात पडल्यावर धाकटी म्हणाली की यापेक्षा वांगं परवडलं. काकूंनी त्याच दिवशी स्वयंपाकघरात राष्ट्रपती राजवट लागू केली आणि भाजीचा विषय संपला. पण पिक्चर कुठला, पंखा कुठल्या आकड्यावर, गावी कधी जायचं, यावर मतदान सुरूच राहिलं.

पहिल्या रविवारी काकूंच्या वांग्याविरुद्ध गेलो ते गेलो, त्यानंतर माझं मत म्हणजे काय, तर मी आधी काकूंच्या तोंडाकडे बघायचो. त्यांचा कल कुठे दिसतोय त्याप्रमाणे हात वर. त्यांच्या हातचं खायचं, त्यांच्या नळाचं पाणी प्यायचं, उगाच नाराजी कशाला. काकांच्या हे लक्षात आलं.

"तू मत देतोस का नमस्कार करतोस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काही चुकलं का? ते म्हणाले, तुझं नाही, हाताचं चुकतंय. हात वर करणं म्हणजे मत नव्हे, ती कवायत झाली. पहिला हात माणसाचा असतो, बाकीचे हात त्या हाताचे असतात. हे वाक्य ते दूधवाल्यालासुद्धा ऐकवत.

कागदाच्या मतपत्रिकेवरही त्यांचा राग होता. तो ते पोळीवर काढायचे. पोळीच्या एका अर्ध्यावर लोणच्याच्या खाराचा ठिपका ठेवायचा, पोळी दुमडायची आणि पुन्हा उघडून दाखवायची. ठिपका पलीकडेही उमटलेला. 'हे बघ, शाई ओली असताना घडी घातली, आता मत नक्की कोणाला?' मग स्वतःच सांगायचे की म्हणून तर शिक्क्यातले बाण एकाच दिशेला फिरणारे असतात, उलटा छाप ओळखू यावा. आणि एवढी अक्कल वापरूनही लोक शिक्का बरोबर दोन चौकोनांच्या रेघेवर मारतात. एकदा व्याही होऊ घातलेली मंडळी थोरलीला बघायला आली होती, तेव्हाही त्यांनी पोळीचा हा प्रयोग केला. स्थळ पुन्हा फिरकलं नाही. थोरली नंतर म्हणाली की बाबांनी तिच्यावर केलेला तो सगळ्यात मोठा उपकार होता, तो मुलगा तिला पसंतच नव्हता. मतदान घेतलं असतं तर कळलं असतं, असं काका म्हणाले.

त्या सुमारास केरळात कुठेतरी मतदानासाठी यंत्र वापरलं होतं आणि मग कोर्टाने सांगितलं होतं की कायद्यात यंत्र बसत नाही. काकांनी ही बातमी घरातल्या माणसाला दुखापत झाल्यासारखी मनाला लावून घेतली. कायदा बदलेल तेव्हा बदलेल, म्हणाले, आपल्या बिल्डिंगला कुठला कायदा लागतो? आणि त्यांनी यंत्र बनवायला घेतलं.

ते यंत्र म्हणजे जुन्या रेडिओची लाकडी पेटी. तिला दारावरच्या बेलची तीन बटणं, लाल, हिरवं आणि पांढरं. आत कुर्ल्याच्या भंगारातून आणलेले कॉल मोजायचे तीन मीटर. एक बटण दाबलं की बाकीची दोन बंद. काकांनी आपल्या हातातली कळ दाबल्याशिवाय पुढच्या माणसाचं मत पडत नसे. मत पडलं की चिमणीच्या आवाजाची बेल वाजायची, त्या वेळी दर दुसऱ्या दारावर असायची तशी. जोडणी काकांची, कॉइल आणि सोल्डरिंग माझं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या हातचं काम उजेडाकडे धरून बघत होतं आणि 'झकास' म्हणत होतं. मी प्रत्येक जोड ओढून ओढून तपासला होता. माझा स्वभावच तसा, कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघणारा.

पांढरं बटण कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, ज्याला दोन्ही नको त्याने काय करायचं? घरी बसायचं? त्यालाही बटण पाहिजे. मीटरची एक खोड होती. ते शून्यावर यायचे नाहीत. म्हणून सुरुवातीचे आकडे पाटीवर लिहून ठेवायचे आणि शेवटी वजाबाकी करायची. काकू त्या पेटीच्या पहिल्या दिवसापासून विरोधात. त्या वेंगुर्ल्याकडच्या, चिडल्या की मालवणीवर यायच्या. "तुमची ती पेटी खाडयेत नेवन बुडवा," असं त्यांनी मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, आणि लगेच माझ्या पानात आणखी भात वाढला. "खा रे झिला, तू कशाक थांबलंस?"

काकांचा खरा डोळा सोसायटीच्या कमिटीच्या निवडणुकीवर होता. ती दर वेळी हात वर करून व्हायची आणि दर वेळी तेच चेअरमन निवडून यायचे. चेअरमन तळमजल्यावर राहायचे. पंपाची चावी त्यांच्याकडे. चावी त्यांच्याकडे असताना त्यांच्याविरुद्ध हात वर करणारा माणूस अंघोळीशिवाय ऑफिसला जायला तयार असावा लागतो. काकांनी अर्ज दिला की या वेळची निवडणूक यंत्रावर घ्या. चेअरमन म्हणाले, बघू.

त्याच उन्हाळ्यात पाणी कमी झालं आणि चेअरमननी ठराव आणला की बिल्डिंगमध्ये भाडोत्री ठेवू नयेत, माणसं वाढतात, पाणी पुरत नाही. आता भाडोत्री बऱ्याच घरांत होते. पण सगळ्यांनी ते सोसायटीत भाचे म्हणून नोंदवले होते. वरच्या मजल्यावरच्या एका मालवणी कुटुंबाचा भाचा तर केरळचा होता, त्याला मराठी अक्षर कळायचं नाही. काकांनाही सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं, भाचा लिहा. ते म्हणाले, बहीण नाही मला, भाचा कुठून आणू? आणि त्यांनी सरळ 'भाडोत्री' लिहून दिलं होतं. म्हणजे ठराव सगळ्या बिल्डिंगसाठी होता आणि लागू मला एकट्याला होत होता.

मी हबकलो. दुसरी जागा मिळणं माझ्यासारख्याला शक्य नव्हतं. अनामत कुठली देणार, ओळख कोणाची सांगणार? जागा गेली की काम गेलं, काम गेलं की गाव. आणि गावी मी सांगून आलो होतो की आता मुंबईत माझं बस्तान बसलंय. मी जिन्यात भेटेल त्याच्या हातातली पिशवी घेऊ लागलो. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना रॉकेलचा डबा वर नेऊन दे, वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं सिलिंडर चढव. काका म्हणाले, तू प्रचार करतोयस, आचारसंहितेत बसत नाही. पण ते खुशीत होते. त्यांना वाटत होतं की चेअरमनच्या भीतीने लोक ठरावाला हात वर करतील, पण आडोशाला कोणी या पोराच्या पोटावर पाय देणार नाही. यंत्र कशासाठी असतं ते आता बिल्डिंगला कळेल. त्यांनी मागणी केली की या ठरावावर मतदान यंत्रावर घ्या. चेअरमन आधी नाही म्हणाले, मग माझ्याकडे एकदा बघून हो म्हणाले.

"तो हो म्हणाला ना, म्हणजे कायतरी काळंबेरं आहे," काकूंनी घरी येऊन सांगितलं. काकांनी ते कानाआड केलं.

सभा रविवारी सकाळी, खाली अंगणात. मंडपवाल्याच्या लोखंडी खुर्च्या, इस्त्रीवाल्याचं टेबल, टेबलावर पेटी, भोवती कोणाच्या तरी नव्या टीव्हीचा रिकामा खोका कापून केलेला आडोसा. एका घराचं एक मत. काकांनी सगळ्यांना मीटर दाखवले, आकडे पाटीवर लिहिले, पाटी मास्तरांच्या मांडीवर दिली. लाल म्हणजे भाडोत्री नको, हिरवं म्हणजे राहू दे, पांढरं म्हणजे दोन्ही नाही. मला मत नव्हतं. मी पंपाच्या खोलीपाशी उभा होतो. आडोशाकडे जाणारा प्रत्येक जण माझ्यासमोरून जायचा. मास्तरांनी खांद्यावर थोपटलं. वहिनी म्हणाल्या, घाबरू नको रे, आम्ही आहोत ना. मग आत चिमणी चिवचिवायची. सगळ्यांची मतं झाल्यावर शेवटी काका स्वतः आत गेले आणि चिमणी वाजली.

त्यांनी झाकण उघडलं, मास्तरांना बोलावलं, वजाबाकी केली. मग नेहमीच्या त्या खर्जातल्या, बातम्या सांगितल्यासारख्या आवाजात वाचून दाखवलं की ठराव मंजूर झाला आहे. थोडक्यात नाही, चांगला घसघशीत. पांढऱ्या बटणाला कोणी हात लावलेला नव्हता.

अंगणात कोणी कोणाकडे बघेना. मी तिथेच उभा होतो, हीच अडचण होती. मी आदल्या दिवशी गेलो असतो तर सभा दोन मिनिटांत उठली असती. पहिल्या वहिनी बोलल्या. म्हणाल्या, मी तर हिरवंच दाबलं बाई. मग त्यांच्या शेजारचे म्हणाले, मीही हिरवं. मग एकेक करून सगळेच. मास्तर म्हणाले की त्यांनी तर हिरवं इतकं जोरात दाबलं की अंगठा दुखतोय. सगळ्यांचं खरं धरलं तर लाल मीटर जागचा हलायलाच नको होता. मला त्यांचा राग आला नाही. पाणी खरंच कमी होतं आणि आडोशात पाण्याशिवाय दुसरं काही दिसत नसावं. बाहेर मात्र मी दिसत होतो.

कोणीतरी म्हणालं, वजाबाकी चुकली असेल. मास्तरांना ते लागलं. त्यांनी पुन्हा केली, बरोबर निघाली. मग राहिलं ते यंत्र. यंत्रच बिघडलं असणार, असं एकाने म्हटलं आणि सगळ्या खुर्च्यांना एकदम सुटल्यासारखं झालं. भंगारातलंच ते. हिरवं दाबलं की लाल लागत असेल. चेअरमन उठले. त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा समाधान दिसलं. मला घालवायची त्यांना विशेष घाई नव्हती, कमिटीच्या निवडणुकीत त्यांना ती पेटी नको होती.

"काका, तुम्हीच बनवलंय, तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "बिघडलंय म्हणालात तर ठराव रद्द. आत्ताच्या आत्ता हात वर करून परत घेऊ. आणि चांगलं आहे म्हणालात तर पोराला महिन्याची मुदत देतो."

काकांनी पेटी फिरवली, मागची फळी काढली आणि आत वाकले. बराच वेळ वाकून होते. मी मदतीला म्हणून पुढे गेलो, त्यामुळे मलाच ते दिसलं. हिरव्या बटणाच्या तारेला त्यांनी दोन बोटं घातली आणि ओढली. तार निघेना. जोड माझा होता, सहजासहजी निघणारा नव्हता. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं, जरा कौतुकानेच, आणि पुन्हा सगळा जोर लावून ओढली.

"सोल्डर सुटलंय," त्यांनी तुटकी तार वर धरून सभेला सांगितलं. "हिरव्याची मतं भलतीकडे गेली. यंत्र बाद आहे."

सोल्डरिंग कोणी केलं होतं, चेअरमननी विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका म्हणाले, मी. माझे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. लोक हसले. कोणीतरी मागून म्हणालं, आयोगाची वाट लागली. काकांनी फळी बसवली, एकेक स्क्रू घट्ट केला आणि खुर्चीवर येऊन बसले.

मग चेअरमननी विचारलं, भाडोत्री राहावा असं कोणाला वाटतं? मास्तरांचा हात सगळ्यांत आधी वर गेला. त्याच्यामागे वहिनींचा, मग शेजारचा, मग सगळे. चेअरमननी इकडेतिकडे पाहून आपलाही हात वर केला. त्या सगळ्या हातांमध्ये एकच माणूस हात मांडीखाली दाबून बसला होता.

"काय काका, तुमच्याच भाडोत्र्याला तुमचं मत नाही?"

"माझा खांदा धरलाय," काका म्हणाले.

जिना चढताना पेटी मी घेतली होती. मागून काकू बोलत येत होत्या, आणि मालवणीत नाही, स्वच्छ मराठीत, म्हणजे राग फारच होता. परक्यांनी पोरासाठी हात वर केले आणि ज्याच्या घरात तो जेवतो त्याला हात उचलवला नाही, आता लोक काय म्हणतील? लोकांनी म्हटलंच. मी त्या घरात पुढे माझं लग्न होईपर्यंत राहिलो, आणि तोपर्यंत बिल्डिंगमध्ये सगळे सांगायचे की आयोगाला तुला घालवायचंच होतं, आम्ही होतो म्हणून टिकलास. मी खरं सांगायला जायचो. काका डोळे वटारायचे.

दारात कुलूप काढता काढता ते काकूंना एवढंच म्हणाले, "मी मघाशी दिलं होतं. एका माणसाला दोन मतं कुठली?"

काकू थांबल्या. माझ्या हातातल्या पेटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. आवाज एकदम खाली आला.

"मग मघाशी कुठलं बटण दाबलात?"

"ते सांगायचं नसतं," काका म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.